पॅसेजमधल्या विहिरी

आमच्या ह्यांनी आयुष्यभर दुसऱ्या बायकांच्या तोंडावर उजेड पाडला. आता यात वावगं काही नाही, कामच ते होतं त्यांचं. नाटकांचे दिवे लावायचे. नटीच्या डोळ्यांखाली सावली पडू नये म्हणून कुठला दिवा किती खाली घ्यायचा, रडण्याच्या प्रसंगाला उजेड कुठून आणायचा, सगळं त्यांच्या बोटांत होतं. नाटकवाले त्यांना मास्तर म्हणायचे. आणि मास्तरांच्या घरी काय? तर एक ट्यूबलाइट. तीसुद्धा लागण्याआधी चार वेळा डोळे मिचकावणार. "अहो, जरा बघा की तिच्याकडे," असं मी सांगून सांगून थकले. "लागते ना शेवटी?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

लग्नाच्या नव्या नवलाईत हे एकदा चष्मा घरी विसरून गेले. तो द्यायला म्हणून मी थिएटरात गेले होते. आत सगळा अंधार, रंगमंचावर एक नटी एकटीच उभी आणि आमचे हे शिडीवर. "हनुवटी वर," हे म्हणाले. "अजून थोडी. अर्धं पाऊल पुढे. हां… सुंदर." मी तशीच मागे वळले, चष्मा दारावरच्या माणसाच्या हातात कोंबला आणि घरी आले. त्यानंतर पडद्यामागे मी पाऊल टाकलं असेल तर शपथ. नाटकं पाहिली, नाही असं नाही. ह्यांचं एकही चुकवलं नाही. पण प्रेक्षकांत बसून पाहिली.

ती नटी पुढे राण्यांच्या भूमिका करून मोठी झाली, सिनेमातही गेली. मी तिला घरात राणीसरकार म्हणायची. तोंडावर नाही, ह्यांना टोमणा मारायचा असला की. हे हसायचे फक्त. मला 'सुंदर' म्हणाल्याचं काही आठवत नाही. भाजी बरी झालीय म्हणायचे, तेसुद्धा मी विचारल्यावर.

गेल्या हिवाळ्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि शब्द, तिन्ही एका सकाळीत गेले. हात थोडाफार परत आला, पाय बऱ्यापैकी आला, शब्दांनी मात्र हट्ट धरला. शिव्या तेवढ्या शाबूत राहिल्या. डॉक्टर म्हणाले, शिव्यांचा मेंदूत वेगळा कप्पा असतो. मी म्हटलं, मग ह्यांचा तो कप्पा दांडगाच असणार. बाकी ज्याला शब्द सापडत नाही त्याला हे 'चप्पल' म्हणायला लागले. चहा हवा, चप्पल. खिडकी उघड, चप्पल. मला हाक मारायची तरी चप्पल. पाहुणे दचकायचे. मला मात्र हळूहळू कळायला लागलं. कपाळाला आठी घातलेली चप्पल वेगळी आणि भुवया उंचावलेली चप्पल वेगळी. नवरा-बायकोत तसंही निम्मं बोलणं चेहऱ्यानंच होतं.

आमचं जुनं घर वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तेव्हा लेक म्हणाला, "आई, आता काही ऐकणार नाही, दोघंही माझ्याकडे या." त्याचं घर म्हणजे काय विचारता. घरं आणि दुकानं सजवून देणं हाच त्याचा व्यवसाय आणि त्यातही दिव्यांसाठी लोक मुद्दाम त्याच्याकडे येतात. बापाचंच रक्त ते. पण या दिव्यांवरूनच बापलेकांचं एकदा बिनसलं होतं. लेकानं पहिलंवहिलं मोठं दुकान केलं तेव्हा कौतुकानं ह्यांना दाखवायला नेलं. ह्यांनी चारी बाजूंना मान फिरवली आणि म्हणाले, "वस्तू छान दिसतायत. माणसं दिसत नाहीत." झालं! लेकाचा चेहरा एवढासा झाला. त्या दिवसापासून दोघं हवापाण्यावर बोलायचे, तब्येतीवर बोलायचे, दिव्यांवर चकार शब्द नाही.

लेकाच्या घरात मधोमध एक लांबलचक पॅसेज आहे. एका टोकाला आमची खोली, दुसऱ्या टोकाला हॉल, स्वयंपाकघर आणि बाथरूम. पॅसेजला खिडकी नाही. जमीन गडद, कॉफीच्या रंगाची, अशी चकचकीत पुसलेली की पाय ठेवायला जीव होऊ नये. छतात छोटे छोटे गोल दिवे पुरलेले. प्रत्येक दिव्याखाली जमिनीवर उजेडाचं एक गोल ताट मांडल्यासारखं. त्या पॅसेजचा फोटो कुठल्याशा मासिकात आला होता. सुनेनं तो फ्रेम करून लावलाय, पॅसेजमध्येच.

तर त्या पॅसेजमध्ये आमचं घोडं अडलं.

फिजिओवाली मुलगी रोज संध्याकाळी यायची. गोड मुलगी, पण जिभेला हाड नाही, म्हणून आमचं चांगलं जमायचं. खोलीत, खिडकीपाशी, हे तिच्याबरोबर काठी टेकत व्यवस्थित चालायचे. पलंगापासून कपाटापर्यंत आणि परत. पण खोलीच्या दारात आले, पॅसेज दिसला, की संपलं. पाय रोवून उभे. आणि ओरडायचे, "विहीर! विहीर!"

नवा शब्द आला म्हणून पहिल्या दिवशी आम्ही सगळे खूश. सून म्हणाली, "विहीर म्हणजे पाणी, आई! बाबांना तहान लागलीय." काय हुशार माझी सून! पळत जाऊन ग्लास आणला. हे पाण्याकडे बघत राहिले, मग प्यायले. दुसऱ्या दिवशी परत विहीर, परत ग्लास. तिसऱ्या दिवसापासून मी दारापाशी तांब्याच भरून ठेवला. हे बिचारे विहीर म्हणणार, आम्ही पाणी पाजणार. एकदा चिडून ह्यांनी ग्लास भिरकावला, तर लेक म्हणाला, "हट्टीपणा वाढलाय." बरं, एवढं पाणी प्यायलेला माणूस जाणार कुठे? बाथरूम पॅसेजच्या त्या टोकाला! शेवटी खोलीतच भांड्याची खुर्ची आणावी लागली. ती पहिल्यांदा वापरली तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून किती तरी वेळ बसले होते. ज्या माणसानं शिडीवर उभं राहून अख्खी नाटकमंडळी नाचवली, त्याची ही गत. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. रडण्यापेक्षा ते बरं.

"खोलीत चालतात, पॅसेजमध्ये चालत नाहीत," फिजिओवाली म्हणाली. "आणि खोलीतल्या खोलीत चालून पायात जोर येणार नाही, आजी. असेच बसून राहिले तर आहे तेवढंही जाईल."

एवढं ऐकल्यावर लेकानं केंद्राचा विषय काढला. शहराबाहेर कुठलंसं पुनर्वसन केंद्र होतं. तिथे दिवसरात्र माणसं असतात, यंत्रं असतात, सगळं शास्त्रशुद्ध. तिथे ठेवायचं ह्यांना. किती दिवस? "बघू," म्हणाला. या 'बघू'ची मला धडकी भरली. सोमवारी केंद्रातल्या बाई घरी येऊन ह्यांना तपासणार होत्या आणि मग न्यायचं कधी ते ठरणार होतं.

"मी आहे ना बघायला," मी म्हटलं.

"आई, तू एकटी त्यांना उचलणार आहेस का? तुझी कंबर बघ आधी."

"माझ्या कंबरेचं तू मला सांगू नकोस. तुला कडेवर घेऊनच मोडलीय ती."

तो हसला नाही. रागानं म्हणत नव्हता तो, घाबरून म्हणत होता, ते मला दिसत होतं. म्हणून तर मला जास्त भीती वाटली. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. तिथली माणसं चांगली असतील हो, नाही कुठे म्हणते मी? पण तिथे ह्यांची चप्पल कोण ओळखणार? आठीची कुठली न् भुवयांची कुठली, हे कुठल्या यंत्राला कळणार होतं? ह्यांनी चप्पल मागितली तर ते खरोखरची चप्पल आणून पायात घालतील. हे दोन दिवस ओरडतील आणि मग गप्प होतील. कायमचे गप्प होतील, याची मला खात्री होती.

शुक्रवारी दुपारी दाराची बेल वाजली. उघडते तर दारात राणीसरकार.

केस पांढरेशुभ्र, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, खांदे वाकलेले. तिला एवढी म्हातारी झालेली पाहून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

"वहिनी," ती म्हणाली, "मास्तरांचं कालच कळलं हो मला. भेटू द्याल ना?"

नाही कसं म्हणणार? आवाज मात्र अजून तसाच होता बयेचा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. मी म्हटलं, "या. सरळ पॅसेजनं जा, समोरच आहेत."

मी ह्यांना खोलीच्या दारात खुर्चीवर बसवलं होतं. रोजच बसवायचे. म्हटलं, निदान पॅसेजची ओळख होऊ दे. राणीसरकार पुढे, मी मागे, अशा आम्ही निघालो. ह्यांनी मान वर केली. तिला बघितलं. आणि एकदम खुर्चीचा हात धरून ओरडले, "विहीर!"

मी सवयीनं तांब्याकडे धावले.

पण राणीसरकार जिथल्या तिथे थांबली होती. तिनं खाली बघितलं नाही, वर बघितलं नाही. अर्धं पाऊल पुढे सरकली, हनुवटी जराशी उचलली. आणि वरच्या दिव्याचा उजेड बरोब्बर तिच्या तोंडावर आला. ती बाई एका क्षणात वीस वर्षांनी लहान दिसायला लागली.

"आता?" तिनं विचारलं.

"हां," हे म्हणाले.

हे 'हां' म्हणाले! झटक्यानंतर पहिल्यांदा. माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

राणीसरकार खळखळून हसली. "अजून तेच का हो मास्तर? अजून मी विहिरीतच?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि वहिनी, तुम्ही पाणी कशाला आणलंत?"

"विहीर म्हणाले ना ते."

ती बघतच राहिली माझ्याकडे. मग हलक्या आवाजात म्हणाली, "वहिनी, आमच्यात विहीर म्हणजे पाण्याची नव्हे. दोन दिव्यांच्या मधे काळी जागा राहते ना, ती विहीर. तिथे नट उभा राहिला की बुडाला. चेहराच दिसत नाही त्याचा. दिवे जुळवताना मास्तर शिडीवरून आमच्या नावानं शंख करायचे, विहिरीत आहेस, बाहेर ये! मी तर कायमची विहिरीत. सिनेमात गेले तेव्हा सुटले, तिथे दिवे आपल्या मागे येतात. पण तुम्हाला सांगते, मास्तर ओरडले नाहीत तर उभं कुठे राहायचं ते मला कळायचंच नाही."

मी पॅसेजकडे बघितलं. रोज शंभर वेळा तिथून जात होते, पण बघितलं तेव्हाच. एक गोल उजेडाचा, मग काळं. परत गोल, परत काळं. त्या चकचकीत जमिनीवर ते काळं असं दिसत होतं की खाली तळच नाही. एक सोडून पाच-सहा विहिरी, ओळीनं. आणि हा माणूस इतके दिवस आम्हाला धडधडीत सांगत होता, आणि आम्ही त्याला पाणी पाजत होतो.

"अहो, ह्या विहिरी का?" मी पॅसेजकडे बोट दाखवून विचारलं. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की कळलं एकदाचं या बाईला. आणि ढसाढसा रडायला लागले. मी त्यांच्या गुडघ्यापाशी बसले आणि मीही रडले. राणीसरकार दिव्याखाली उभी राहून रडली. तिला तिथून हलायचं सुचलंच नाही, उजेड होता ना तिथे.

मी लेकाला फोन लावला. "घरी ये."

"आई, मीटिंग चालू आहे."

"मीटिंगला म्हणावं, विहिरीत पड. तू ये."

तो आला, पाठोपाठ फिजिओवालीही आली. मी सगळं सांगितलं. फिजिओवालीनं कपाळावर हात मारून घेतला. "माझ्या कसं लक्षात आलं नाही! आजी, त्यांच्या उजव्या पायाला जमीन नीट कळतच नाही. पाऊल कुठे पडलं हे त्यांना डोळ्यांनीच बघावं लागतं. काळ्यात पाऊल दिसलं नाही की त्यांच्या दृष्टीनं तो पाय नाहीसाच झाला. मी असते तरी ओरडले असते."

मग तिनं आमच्या खोलीतला टेबललॅम्प उचलला, वायर ताणून पहिल्या विहिरीच्या काठाशी जमिनीवर ठेवला आणि लावला. काळं गेलं. ह्यांना उभं केलं. हे दारातून बाहेर आले. एक पाऊल. मग उजवं, डोळे खाली, अगदी सावकाश. पहिली विहीर ओलांडली. दुसरीपाशी थांबले. "विहीर," म्हणाले, आता ओरडून नाही, नुसते सांगितल्यासारखे.

लेक भिंतीला टेकून बघत होता. त्याचा चेहरा मला बघवेना. दुकान दाखवायला नेलं होतं त्या दिवशीसारखाच झाला होता.

"मीच केलंय हे," तो म्हणाला. "फोटोसाठी केलं. दोन गोलांमधे काळं राहिलं की फोटोत खोलपणा येतो, म्हणून."

"बरोबर आहे की मग," मी म्हटलं. "फोटोत कोण चालतंय?"

"आई, तू गप्प बस."

मी गप्प बसले. क्वचित बसते, पण बसले. लेक ह्यांच्यापाशी गेला, जमिनीवर उकिडवा बसला. "बाबा, उद्या सगळं काढतो. तुम्ही सांगा, मी करतो. पण सोमवारी त्या बाई येणार आहेत. त्यांच्यासमोर इथून हॉलपर्यंत चाललात, तर केंद्राचं नाव काढणार नाही. नाही चाललात तर मला काहीतरी करावंच लागेल. कळतंय ना?"

ह्यांनी एक सणसणीत शिवी दिली. ती कबुली होती, हे लेकालाही कळलं.

शनिवारी घराचा कारखाना झाला. लेक शिडीवर, हे खाली खुर्चीवर. लेक एक दिवा फिरवायचा, हे डाव्या हाताचं बोट हवेत हलवायचे. इकडे. नाही, तिकडे. थोडं. बस. एका दिव्याच्या उजेडाचा काठ दुसऱ्याच्या काठावर चढला पाहिजे, हे ते दोन तळवे एकमेकांवर सरकवून दाखवायचे. उजवा तळवा वेडावाकडा सरकायचा, पण लेकाला बरोबर कळायचं. तोंडानं शिव्यांचा पट्टा चालू. सून कानांवर हात ठेवून हसत होती.

पण दुपारपर्यंत एक नवंच लचांड निघालं. विहिरी बुजल्या, तर त्या तुळतुळीत जमिनीवर दिव्यांचं प्रतिबिंब पडायला लागलं. जमीन नुसती लखलखायला लागली. ह्यांनी डोळे मिटून घेतले आणि मान हलवली. रंगमंचाची जमीन असली चकचकीत कुठे असते? ह्यांना ही अडचण ठाऊकच नव्हती. बोट हवेत तसंच राहिलं. मास्तर अडले होते.

लेकानं शिडीवरून भिंतीवर हात फिरवून बघितला. मग म्हणाला, "बाबा, जमिनीवर टाकायलाच नको उजेड. भिंतीवर टाकू. भिंत पांढरी आहे, तिच्यावरून सांडू दे खाली." आणि त्यानं एकेक दिवा भिंतीकडे वळवायला सुरुवात केली. भिंतीवरचं सगळं उतरवलं, ती मासिकाची फ्रेमसुद्धा. शेवटचा दिवा वळला आणि अख्ख्या पॅसेजमध्ये सकाळ झाल्यासारखा मऊ उजेड पसरला. काळं कुठे नाही, टोचणारं कुठे नाही. सून त्या उजेडात उभी होती, आणि मला पहिल्यांदा दिसलं की पोरीच्या डोळ्यांखाली केवढी काळी वर्तुळं आलीत. रात्री ह्यांच्यासाठी तीही उठत होती.

हे भिंतीकडे बघत होते. खूप वेळ बघत होते. मग म्हणाले, "वा."

लेकानं शिडीवरून वळून बघितलं. "काय म्हणालात?"

"वा," हे परत म्हणाले. आणि सुनेकडे, माझ्याकडे बोट करून दाखवलं. माणसं. माणसं दिसतायत.

लेक शिडीवरून उतरला आणि उगाचच पान्हा शोधायला दुसऱ्या खोलीत गेला. पान्हा त्याच्या खिशात होता.

सोमवारी सकाळी केंद्रातल्या बाई आल्या. पेहराव नीटनेटका, बोलणं मवाळ. फिजिओवाली मुद्दाम सुट्टी काढून आली होती. लेक ह्यांच्या मागे उभा राहिला, हात पुढे करून पण न धरता. सून हॉलच्या तोंडाशी. बाई एका बाजूला भिंतीशी. आणि मी? माझा जीव थाऱ्यावर नव्हता. समोर उभं राहवेना, निघून जाववेना. म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीच्या आत जरा, पदर तोंडाशी धरून उभी राहिले.

हे निघाले. काठी, डावा पाय, मग उजवा. डोळे पावलांवर. पहिली विहीर होती ती जागा गेली. दुसरी गेली. घरात फक्त काठीचा आवाज. पॅसेज अर्धा संपला, अर्ध्याहून जास्त संपला. फिजिओवालीनं श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं.

आणि हे थांबले.

"विहीर," म्हणाले.

लेक पांढराफटक. "कुठे, बाबा? आता कुठे आहे विहीर? सगळीकडे उजेड आहे, बघा ना." बाईंनी लेकाकडे सहानुभूतीनं बघितलं. त्या नजरेचा मला असा संताप आला म्हणून सांगू!

"विहीर," हे परत म्हणाले, जरा चिडून. मान वर केली होती त्यांनी. जमिनीकडे बघतच नव्हते. काठी मागच्या लेकाच्या हातात दिली आणि भिंतीला खांदा टेकून डावा हात उचलला. बोट सरळ माझ्यावर रोखलं.

स्वयंपाकघरातला दिवा मी लावलाच नव्हता. अंधारात उभी होते मी.

"मी?" मी म्हटलं.

त्यांनी बोट हलवलं. पुढे ये.

मी एक पाऊल पुढे आले. बोट परत हललं. अजून अर्धं. अजून अर्धं आले. चौकटीतून बाहेर, उजेडात. मग त्यांनी बोट वर केलं. हनुवटी. मला हसूही यायला लागलं आणि रडूही. या वयात, चार माणसांत, स्वयंपाकघराच्या दारात काय हे! पण मी तोंडावरचा पदर सोडला आणि हनुवटी वर केली. भिंतीवरून आलेला उजेड माझ्या गालावर, डोळ्यांवर आला. मला तो ऊनऊन लागला. नसेल लागला, दिवे काही तसे तापणारे नव्हते. पण मला लागला.

हे बघत राहिले. शिडीवरून बघायचे तसे, एक डोळा बारीक करून.

"हां…" म्हणाले. मग ओठ हलले. एक शब्द शोधत होते, मला दिसत होतं. घशापर्यंत आला, जिभेवर आला.

"चप्पल," म्हणाले.

सगळे फस्सकन हसले. फिजिओवाली तर खालीच बसली. हेसुद्धा हसले. हसताहसता भिंत सोडली, लेकाकडून काठी घेतली आणि उरलेला पॅसेज चालत माझ्यापर्यंत आले. माझ्या खांद्यावर हात टाकला आणि हॉलमधल्या खुर्चीवर जाऊन बसले, आपल्या पायांनी.

केंद्रातल्या बाईंनी आपली पिशवी उचलली. लेकाला म्हणाल्या, "इथेच चांगलं चाललंय यांचं. आमची गरज नाही." मग दारात थांबून मला हळूच विचारलं, "पण शेवटी ते तुम्हाला चप्पल का म्हणाले हो?"

मी म्हटलं, "ते आमचं घरातलं आहे, बाई. सुंदर तर ते सगळ्यांनाच म्हणायचे. चप्पल मला एकटीला म्हणाले."